आधी कंदील

हरिपूरच्या पेवांवर माझे वडील कामाला होते.
नाव शांतवन. शांतवन येसबा वायदंडे.
जमिनीच्या पोटात वीस फूट हळद,
वर माती-शेणानं लिंपलेलं तोंड.
पेव फोडलं की लगेच कुणी उतरायचं नाही.
तोंड उघडं टाकायचं, दुपार कलू द्यायची,
मग दोरीनं कंदील खाली.
ज्योत उभी राहिली तर माणूस.
ज्योत बसली तर कुणीच नाही,
वर अडत्याचा ट्रक खोळंबलेला असो
नाहीतर खुद्द कलेक्टर उभा असो.
‘आधी कंदील,’ म्हणायचे,
आणि कडेला बसून तंबाखू मळायचे.

रविवारी हात घासून धुवायचे,
तरी नखं पिवळीच.
त्या नखांनी ओळ धरून वाचायचे,
आणि वाचायचे काय, तर यिर्मया.
कापणीचा सण असो, कुणाचा बाप्तिस्मा असो,
यिर्मया.
पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले,
अहो शांतवन, नावाला तरी जागा,
लोक आठवडाभर राबून येतात, जरा गोड वाचा.
वडील म्हणाले, गोडच वाचतोय, साहेब.
कंदील विझला असं वरून कुणी ओरडलं
तर ते किती गोड लागतं,
शिडीवर पाय ठेवलेल्याला विचारा.

एकच गोष्ट रंगवून सांगायचे.
राजाला नको ते ऐकवलं म्हणून
संदेष्ट्याला हौदात सोडला.
पाणी नाही, नुसता चिखल, गुडघाभर रुतलेला.
तेव्हा वाड्यातला एक परका नोकर
फाटके कपडे, चिंध्या घेऊन आला,
म्हणाला, काखेत घाल, मग दोरी.
इथं वडील थांबायचे.
शर्टाची बाही वर करून
स्वतःच्या काखेतला जुना वळ दाखवायचे.
‘दोरी काचते, हे ज्याला ठाऊक
तो माणूस देवाचा.
बाकी देवळात बसणारे लई.’

महापुरात पेवं गेली.
नदी वरून नाही, खालून आली,
हळद आतल्या आत शिजल्यासारखी झाली.
वडील त्याच साली गेले.
कंदील माझ्याकडे आहे, सांगलीत, माळ्यावर,
काच तडकलेली.

आता मी पंच कमिटीचा चिटणीस.
चर्चमागच्या तीन खोल्यांत तीन विधवा राहतात.
ती जागा बिल्डरला द्यायची, त्यातून हॉल उठवायचा,
एसी, लग्नाला दोनशे खुर्च्या.
ठराव माझ्याच अक्षरात आहे.
‘सदर महिलांची योग्य सोय करण्यात येईल.’
योग्य हा शब्द मी घातला.
सोय कुठं, ते कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

सभेत सलोमीबाई आवळे उठल्या.
मिशन हॉस्पिटलात चाळीस वर्षं फरशी पुसलेली बाई,
बोलताना दम लागतो.
म्हणाल्या, देवाला हॉल नको, त्याला हिशेब पायजे.
ह्या भिंती मी विधवांच्या पैशातनं
उठताना बघितल्यात,
त्याच भिंती साक्षीला उभ्या राहतील.
कुणीतरी म्हणालं, आजी, खाली बसा, बीपी वाढेल.
लोक हसले.
मी लिहिलं: ‘किरकोळ चर्चा झाली.’

त्यानंतर तीन रविवार त्या शेवटच्या बाकावर एकट्या.
शेजारचे सरकून बसतात.
शांतीची खूण करताना
त्यांचा हात थोडा वेळ हवेत राहतो.

काल रात्री माळ्यावरून कंदील काढला.
वात कोरडी. उगाच पेटवून पाहिली,
रॉकेल नाही, पेटणार कशी.
मग वहीचं ते पान उघडून बसलो.
सही माझी, वळणदार, पाहत राहावी अशी.

मी संदेष्टा नाही.
मला स्वप्नं पडतात ती पार्किंगची.
उद्या सभेत उभं राहून गरजेन
असंही वाटत नाही, घसा आत्ताच कोरडा आहे.
पण ‘किरकोळ’ तेवढं खोडलंय,
आणि बाई जे बोलल्या ते
आठवेल तसं समासात उतरवलंय.
समास अपुरा पडला.

बायको म्हणाली, एवढ्या पहाटे
कपाट कशाला उपसताय?
म्हटलं, जुने कपडे आहेत का बघतोय,
मऊ झालेले.