परिशिष्ट अ

प्रिंटरची शाई संपत आली होती,
त्यामुळे ट्विंकल गुरनुलेचं स्टेटस
कागदावर राखाडीच उतरलं.
शेवटचा हसरा चेहरा,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा,
नुसता काळा ठिपका झाला.
प्राचार्य म्हणाले, लांजेवार, हे काय आहे?
मी म्हणालो, सर, ते हसणं आहे.
म्हणाले, इतिवृत्तात तसं लिहा.

बी.एस्सी. भाग दोन. मुक्कामी गाडीनं पहाटे निघते.
फीमाफीचा अर्ज माझ्याच टेबलावरून गेलेला.
तिनं लिहिलं होतं:
आज टायट्रेशन झालं. फळ्यावर.
एकशे चार पोरं, तीन ब्युरेट, त्यातल्या दोन फुटक्या.
सरांनी गुलाबी खडू उचलला
अन् द्रावणाचा रंग बदलला.

नॅकची समिती आठ दिवसांवर होती.
कुंड्यांना गेरू लागत होता.

कोणीतरी स्क्रीनशॉट काढला,
कोणीतरी तो अध्यक्षांच्या पुतण्याला पाठवला,
पुतण्यानं काकांना, काकांनी प्राचार्यांना,
सुप्रभातच्या दोन गुलाबांच्या मधोमध.
चोवीस तासांत आपोआप पुसलं गेलं असतं.
सतराव्या तासाला
मी त्याला आवक क्रमांक दिला.

दोन वाजता समिती बसली. तिघं जण, चहा चार.
हे तू लिहिलं का?
हो जी.
खोटं आहे का, हे कोणी विचारलं नाही.
विचारलं ते इतकंच, किती जणांनी पाहिलं?
एकसष्ट.
दाखव.

तिनं मोबाइल टेबलावर ठेवला,
काच तडकलेली, कडेला चिकटपट्टी.
नावं वर सरकू लागली.
मी टोकाच्या खुर्चीत, मांडीवर नोंदवही.
माझं नाव त्यात कुठं आहे, मला माहीत होतं.
काल रात्री दहा चाळीसला, जेवण झाल्यावर,
बाजेवर पडून मी ते वाचलं होतं
आणि तिला तोच चेहरा पाठवला होता,
डोळ्यांत पाणी आलेला.
मोठ्यानं हसलो होतो.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही, कॉलेजचं.

तिचा अंगठा एका जागी थांबला.
मग पुढे गेला, थोडा जास्त वेगानं.
वर्गातल्याच पोरी हायेत सर, ती म्हणाली,
अन् फोन उचलून घेतला.
मी लिहिलं: विद्यार्थिनीने सहकार्य केले.

बदनामी हा शब्द त्या दिवशी
मी पाच वेळा टाइप केला.
पंधरा दिवस प्रात्यक्षिकांना बसायचं नाही.
कोणत्या प्रात्यक्षिकांना, असं माझ्या ओठांवर आलं होतं,
पण समोर चहा होता, तो प्यालो.
दोनशे रुपये दंड. माफीनामा, स्वहस्ते.
तिनं 'दिलगिर' लिहिलं,
प्राचार्यांनी लाल पेनानं गी दीर्घ केला
आणि मग फाइलला लावला.
वर परिशिष्ट अ, खाली माफी,
मधे टाचणी.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली.
वीस-वीसच्या नोटा, रोवण्याच्या मजुरीच्या,
नखांत अजून चिखल.
मी मोजत होतो तेव्हा वाकून हळूच म्हणाली,
बाबूजी, तुमचा तो हासरा म्या खोडून टाकला.
उगाच कोनाले दिसन.

मला सातव्या नोटेपासून पुन्हा मोजावं लागलं.

पावती लिहिली, फाडली, दिली.
ती बसकडे गेली.
मग पाहिलं, कार्बन उलटा लागला होता.
तिच्या पावतीच्या पाठीवर
तिचंच नाव उमटलं असेल, आरशातल्यासारखं,
आणि कार्यालयाची प्रत कोरी.
आमचा शिपाई मडावी म्हणाला, बाबू, पुन्हा लिवा नं,
ऑडिटवाले विचारतीन.
हो, म्हटलं.
पान तसंच ठेवून
पुढच्या मुलाला हाक मारली.