झाकलेले दोन पाव

बसा, डुन साल्व. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीकडची घ्या.
तेल आणि ती छोटी डबी
राहू द्या अजून पिशवीत.
आधी ऐका.

आमची भट्टी नादुरला, चर्चच्या मागच्या गल्लीत.
घड्याळात बारा पडले की बाप म्हणायचा,
"जूझा, तोंडाला कुलूप."
थुंकी गिळायची मुभा होती, पाण्याची नव्हती.
आणि नेमकं बारालाच कणीक मळायला घ्यायचं,
कोपरापर्यंत हात पिठात,
नाकाशी खमिराचा वास,
पोटात कावळे.

नऊ वर्षांची होते.
एकदा आठवेना, मीठ घातलं की नाही.
करंगळी बुडवली, चाटली.
एवढंच.
सकाळी सगळी पोरं वेदीच्या कठड्याशी गुडघ्यांवर,
जिभा बाहेर, पाखरांच्या पिलांसारखी.
मी मागे, खांबाआड.
बायका वळून वळून बघत होत्या,
असं काय केलं असेल या पोरीनं?

मीठ घातलेलं होतं, फादर.

जन्मभर वाटायचं, तो नियम घड्याळातून निघाला.
मागल्या रविवारी तुम्ही सांगितलंत,
पंगतीतून निघाला.
करिंथ म्हणे. बंदराचं गाव, पैसेवाल्यांची घरं.
रात्री मला झोप नाही. तो माणूस दिसत राहिला,
तुम्ही नाव नाही दिलंत, मीच दिलं, कार्पियोन.
दिवसभर जहाजांची ओझी वाहिलेला गुलाम,
मालकानं सोडलं तेव्हा दिवे लागून गेलेले.
तो उंबऱ्याशी येतो, पाय धुतो,
आत पहिली पंगत उठलेली.
ताटात माशांचे काटे, कुणी दारूनं लवंडलेलं,
कुणी हसून म्हणतं, अरे, उशीर केलास!
आणि मग त्याच हातांनी
पवित्र भाकर मोडायची,
म्हणायचं, आपण सगळे एक शरीर.

एक शरीर. त्यातलं एक पोट रिकामं.

यावरून कुणीतरी समुद्रापलीकडून रागावून पत्र लिहिलं,
आधी स्वतःच्या आत बघा म्हणून.
मग शेकडो वर्षं गेली. पुष्कळ बिशप, पुष्कळ शाई.
कार्पियोन कुठे गळून पडला, कळलंच नाही.
उरले बाराचे ठोके, उरली जीभ,
उरला पाण्याचा एक थेंब.

मी नियमाला नावं ठेवत नाही.
उपाशी पोटी भाकरीसमोर उभं राहिलं
की भाकर कळते, हे भट्टीवालीला शिकवू नका.
पण एक उरलंय.

बेचाळीस साल. ऑगस्ट. बेटाला वेढा,
पाव चिठ्ठीवर, माणशी हातभरसुद्धा नाही.
सांता मारियाच्या आदल्या दिवशी
रांगेत शेवटी चेत्ता, कोळ्याची बायको, कडेवर पोर.
मी म्हटलं, संपले.
फळीवर फडक्याखाली दोन होते,
नोटरीच्या घरचे.
ती काही बोलली नाही. फडक्याकडे बघितलं.
फडकं थोडं फुगलेलं होतं,
पाव गरम होते ना.

त्या रात्री बारानंतर मी थेंब घेतला नाही.
पापनिवेदन केलं होतं. डोक्यावर स्वच्छ रुमाल.
सगळ्यांत आधी कठड्याशी गेले, ख्रिस्तशरीर घेतलं,
जिभेवर विरघळेपर्यंत दात लागू दिले नाहीत.
उठून वळले, तर चेत्ता
खांबाआड.
माझ्याच खांबाआड.

साठ वर्षं मिठाची गोष्ट सांगत आले,
तुमच्या आधीच्या तीन फादरना.
ते हसायचे, मीही हसायचे.
फडक्याची कधी नाही.

चेत्ता गेली. पोरही गेलं, त्या हिवाळ्यातच.
तिच्या धाकट्या मुलीची मुलगी बंदरावर मासळी विकते,
लोर्दा. आठला दुकान मिटते,
मग गाळा धुते, मग बस.
माझ्या भाच्याला पाठवलाय निरोप घेऊन.
येईल की नाही, माहीत नाही.
आल्यावर आधी विचारा,
जेवलीस का.

नको, डबी उघडू नका.
तिला उशीर होईल.
थांबू आपण.