रकाना क्रमांक नऊ

डेमेरारा नदी संपते तिथे,
भरतीच्या पाण्याहून खाली वसलेल्या जॉर्जटाउनात
एक घर चौदा खांबांवर उभं आहे,
ओचा खोचून पाण्यातून निघालेल्या बाईसारखं.

मी वारसा खात्याचा माणूस. हातात टेप आणि फॉर्म.
नववा रकाना : महत्त्व.
पुढे दीड ओळ जागा.
साहेबांनी निघतानाच सांगितलेलं,
‘व्हिक्टोरियन शैलीचा उत्कृष्ट नमुना’ एवढं खरड आणि ये.

मिस वर्लिन अडोनिस, वय एक्क्याऐंशी.
टपाल कचेरीत अडतीस वर्षं शिक्के मारलेला हात
कठड्यावर ठेवून म्हणाल्या,
राणी आली होती का कधी इथे?
इथला घाम पुसलाय तिने?
मग आधी ही खिडकी बघ.

खिडकी म्हणजे भिंतीबाहेर काढलेली लाकडी पेटी,
पुढे तिरकी झडप, दोन्ही कुशींना झिलमिल,
तळाशी बर्फाची लादी ठेवायला फळी.
दर्यावरचा वारा बर्फावर पाय देऊन
मग घरात शिरायचा.
‘गारवा घरमालकाचा.
लादी डोक्यावरून आणायची माझ्या आईची मावशी.
तिची मान मरेपर्यंत वळली नाही डावीकडे.’

मी लिहिलं : खिडक्या, अकरा.

खांब ग्रीनहार्टचे.
हे लाकूड तरंगत नाही,
होड्यांच्या बगलेला बांधून आणलं वरच्या जंगलातून,
खिळा वाकतो पण ते वाट देत नाही.
भिंतींचा पाइन मात्र जहाजातून आलेला, परदेशी,
वाळवीने चहात बुडवल्यासारखा खाल्लाय.
मी बोट लावलं तर बोट आत गेलं.
मिस वर्लिन हसल्या. मी बोट पुसलं.

टोरांटोहून भाचा फोन करतो, दर रविवारी :
आता तेल लागलंय, जमिनीला सोन्याचा भाव,
सहा मजली हॉटेल होईल, तुला वर खोली देतील.
त्या म्हणतात, हो रे राजा, जेवलास का?
फोन ठेवतात
आणि रॉकेलची पिचकारी घेऊन वाळवीच्या मागे लागतात.

वर शिडीवर कॉम्प्टन, सुतार,
पागोळीखालची कातीव पट्टी उतरवतोय.
ओळीने फुलं कोरलेली, सत्तेचाळीस,
पुढे पाकळ्या, मागे देठ, सगळी एकाच तोंडाची.
एकोणिसावं तेवढं उलटं.
चुकून? रागावून? कुणास ठाऊक.
पट्टीच्या पाठीवर, जिथे रंगाचा कुंचला कधी पोचला नाही,
पेन्सिलीची चार अक्षरं :
मंगळवार. पाऊस. रोज बुडाला.
नाव नाही.
घरमालकाच्या जुन्या वहीतसुद्धा एवढंच :
सुतार, चार नग.

कॉम्प्टन वरून ओरडला,
साहेब, नवीन पट्टी कापतोय, ते फूल सरळ करू ना?

मी फॉर्म चाळला.
मग पाहिलं मिस वर्लिनकडे.
त्या शिडी धरून उभ्या, जणू त्यांच्या धरण्यानेच ती उभी आहे.
म्हणाल्या, रात्री झोप येत नाही तेव्हा
सज्जातल्या खाटेवरून मी फुलं मोजते.
त्या उलट्याशी आले की थांबते.
कधी तिथेच डोळा लागतो.
सरळ केलंत, तर मग मी थांबू कुठे?

दीड ओळीत बसेना.
फॉर्म उलटा केला,
पाठीवर लिहीत बसलो पायरीवर.
साहेब विचारतील, हे काय.
विचारू देत.

खाली नाल्याचा दरवाजा कुणी उचलला,
ओहोटीबरोबर शहरातलं पाणी निघालं,
घराचे सांधे एकदा कुरकुरले.

कॉम्प्टनने एकोणिसावं फूल उलटंच कापलं.
पट्टी ठोकण्याआधी कानावरची पेन्सिल काढली,
मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं.
मी शिडी चढून वाचलं :

गुरुवार. ऊन.
खात्याकडून पैसे येणे बाकी.