गरम पाणी

उद्यमनगरात, बर्फाच्या कारखान्यात,
मे महिन्यातल्या रात्री पावणेअकराला
आम्ही चौदा जण एका टीव्हीसमोर,
आणि खेळ कुठला, तर बर्फावरची हॉकी.
नियम कुणालाच येत नव्हते.
शौकत मुजावर म्हणाला, फुटबॉलच समजा की,
चेंडू तेवढा चपटा केलाय.

तेवढ्यावर दोन तट पडले.
पेठेतल्या माणसाला जर्सीचा रंग पुरतो.
निळे कुठले, लाल कुठले, कुणी विचारलं नाही.
मंगळवार पेठ निळ्यांकडं गेली
म्हणून शिवाजी पेठ लालांकडं सरकली.
मधे ओली गोणपाटं. ती हद्द.

हिंदुराव चौगुले कुणाकडंच नव्हता.
बावीस वर्षं कॉम्प्रेसरवर गेलेला माणूस,
तो टीव्हीत नुसता बर्फ बघत होता.
"कडंला जरा मऊ पडलाय," म्हणाला.

त्याची प्रणोती तिथं होती.
खेळायला नव्हे.
दोन डावांच्या मधे एक बोजड गाडी फिरते,
पात्यानं ओरखडे खरवडते, मागनं पाणी सोडते,
ती गाडी चालवायला.
आयटीआयचा कोर्स, मग पुण्यात शीतगृह,
मग एकदम फिनलंड.
लहान असताना ह्याच फरशीवर
फुटक्या लादीवर बसून गटारापर्यंत घसरत जायची,
फ्रॉक भिजवून घरी मार खायची.

पहिला डाव संपला. लाल दोन, निळे शून्य.
गाडी आली. आम्ही उठून उभे.
गाडीत दाढीवाला.
"ही तुझी पोरगी व्हय रं?" कुणीतरी म्हणालं,
हसलो, आणि मग हिंदुरावचं तोंड बघून गप्प बसलो.

दुसऱ्या डावानंतर नुसत्या जाहिराती.
साबण, टायर, परत साबण.

तिसऱ्यात निळ्यांनी एक फेडला.
घड्याळात अकरा सेकंद उरली असताना
काठ्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी बुटाला लागून
ते काळं बिस्किट जाळीत गेलं
आणि मंगळवार पेठ पत्र्याच्या डब्यांवर चढली.
"नाद खुळा!" बाळगोंडा ओरडला, त्यालाच विचारलं
कसा झाला गोल, तर म्हणे दिसला नाही.
शिवाजी पेठेनं बूट धरला, गोल बाद म्हणून.
तिथला पंच मानला. इथला वाद अजून मिटायचाय.

दोन-दोन. जादा वेळ.
त्याआधी बर्फ परत घासायचा असतो,
हे आम्हाला माहीत नव्हतं.
हिंदुरावला होतं. तो पुढं सरकून बसला.

गाडी आली.
कानटोपी, पिवळं जाकीट, नाकावर चष्मा,
आणि स्टिअरिंगवर एक हात ठेवून
मागं वळून पाण्याची धार बघायची ती खोड.
सहा सेकंद. फार तर सात.
चौदा माणसं, दोन्ही पेठा, गोणपाटं ओलांडून
एकच ओरडली.
गोलालाही एवढी ओरडली नव्हती.
पलीकडच्या फाउंड्रीतला वॉचमन पळत आला, आग लागली का बघायला.

हिंदुराव म्हणाला, "गरम पाणी सोडतीया."
"बर्फावर? गरम?"
"हां. थंड पाणी वर नुसतं बसतंय.
गरम आत मुरतं, मग धरतं."

जादा वेळेत लाल जिंकले,
गोल झाला तेव्हा निम्मे चहा ओतत होते.
फटाक्याची एक माळ होती, गणपतीतली, ती सादळलेली निघाली.

दोन वाजता मासळीवाल्याचा टेम्पो लागला.
हिंदुरावनं साखळी ओढली, डबा वर घेतला,
गरम पाण्याच्या हौदात बुडवला.
त्याशिवाय लादी डबा सोडत नाही.
मोबाईल वाजला. त्यानं ओल्या हातानंच उचलला.
"डाव्या कोपऱ्यात पाणी कमी पडलं तुझं," एवढंच म्हणाला.
तिकडून ती हसली, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

डबा पाण्यात तसाच राहिला,
जरा जास्तच वेळ.
टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला
तेव्हा लादी सुटली.