कोरा नमुना

प्रयोगाला आधी एक साधा प्रश्न लागतो.
मी फळ्यावर लिहिला होता: या मातीत शिसं आहे का?
त्याखाली दहावी ब-ची सहा मुलं
आणि शारजाच्या गॅरेजांच्या गल्ल्यांतून
लोणच्याच्या बरण्यांत भरून आलेली माती.

माती म्हणायची आपली सवय.
खरं तर वाळूच, राखाडी,
निम्मी शिंपल्यांची पूड.
व्हिनेगर ओतलं की फसफसते,
सगळं आम्ल शिंपलेच पिऊन टाकतात,
शिशापर्यंत काही पोचत नाही.
म्हणून कृतीत एक ओळ वाढवली:
फेस थांबेपर्यंत ओतत राहा.
बाटल्या मी घरून नेल्या.
बायको म्हणाली, शाळेत कांदे मुरवताय का?

पोटॅशियम आयोडाइडचे थेंब पडले
की शिसं पिवळं होऊन खाली बसतं.
पण पिवळं दिसलं म्हणून हुरळायचं नाही.
लोखंडही सोंग काढतं,
पिवळं, जरासं तपकिरीकडे झुकलेलं.
ते पकडायला भाताची पेज:
निळं झालं तर लोखंड,
नाही झालं तर
तर मग नाही.
पेज आमच्याकडे रोज असते, सर, जोएल म्हणाला,
आणि थर्मास भरून घेऊन आला.

रुहीना मुकादमने तीन बरण्या आणल्या.
तिचे वडील, मूळचे दापोलीकडचे,
रेडिएटरना डाग देतात.
बाकीच्यांना शब्द कळेना.
झाळणं, मी म्हणालो, सोल्डरिंग.
आमच्यात डागच म्हणतात, ती म्हणाली.

एक बरणी कामाच्या टेबलाखालची,
एक गॅरेजच्या दारातली.
तिसरीवर स्केचपेनने लिहिलेलं: कोरा.
कारण मीच सांगितलं होतं,
तुलनेला एक स्वच्छ नमुना हवा,
जिथे काही सापडणार नाही
अशी तुमची खात्री आहे, तिथला.

गाळणकागदातून थेंब थेंब. एसीची घरघर.
पहिली नळी पिवळी. दुसरी पिवळी.
तापवली तर रंग विरला, नुसतं पाणी,
आणि निवताना
सोन्याची कणी नळीभर तरंगत उतरली.
मुलं ओरडली. फोन निघाले.
विषाला एवढं देखणं असायचं काय कारण,
ते पुस्तकात नाही.

मग तिसरी.
फिकट, पण पिवळी.
लोखंड असेल, मी म्हणालो.
पेज घातली.
निळं व्हायची वाट पाहिली,
पाहायला हवी त्याहून बरीच जास्त.
पेज पेजेसारखीच राहिली.

नळी धुतली नसेल.
धुतली होती. तीनदा. वहीत लिहिलं होतं.
'कुठली ही माती?'
'घरची. दारातल्या पायपुसण्याखालची.
अब्बा तिथेच बूट काढतात.'
आणि जरा थांबून,
'अर्शद आता रांगायला लागलाय, सर.'

विज्ञानमेळ्याच्या तक्त्यासाठी
मुख्याध्यापिकांना निष्कर्ष दोन ओळींत हवा होता.
मी तो दिला.
नाव गाळलं, गॅरेज गाळलं, पायपुसणं गाळलं.
तक्त्याला तिसरं बक्षीस मिळालं.

रुहीनाची वही मात्र अजून माझ्याकडे आहे.
तिसऱ्या बरणीच्या पानावर
'कोरा' या शब्दावर एकच आडवी रेघ,
खोडलेलं वाचता येईल अशी.
खाली नवी कृती:
बूट गॅरेजातच. कपडे वेगळ्या पिशवीत.
झाडू नाही, ओलं फडकं.
अर्शदचं रक्त: गुरुवारी, दवाखान्यात.
महिन्याने तीच जागा, तोच चमचा.
त्यानंतर 'अब्बांना सांगणे' असं लिहून
तिने चार ओळी सोडल्या आहेत.
कसं, ते लिहिलेलं नाही.

महिना रविवारी भरतो.
व्हिनेगर आणायला हवं.