गुरुवार

सोमवारी रात्री त्याला पाण्याचा पेला हवा होता.
म्हणाला, "गुरुवार दे."
मी हसले. एर्मिनिओ मूळचाच थट्टेखोर,
अवेइरोच्या खाजणात चाळीस उन्हाळे
लाकडी पावडीनं मिठाची साय ओढलेला.
त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
तेव्हा कळलं, तो हसत नव्हता.

मंगळवारी चमचा उडाला.
त्यानं उडवला नाही, हातातून उडाला,
गळाला लागलेला मासा उसळतो तसा.
सूप भिंतीवर. डोळे छताकडे.
डॉक्टर आले, तरुण, रात्रपाळीनं सुकलेले.
पेन धरलं. हे काय? "गुरुवार."
घड्याळ? "गुरुवार."
आणि या बाई कोण?
मी श्वास धरून उभी.
"गुरुवार," तो म्हणाला, पण हळू,
नाव घ्यावं तसं.

वय, ते म्हणाले. एकोणऐंशी. त्यात साखर,
त्यात पायाची जखम, ताप.
या वयात मेंदू जरा भरकटतो.
मी म्हटलं, अहो, परवा रविवारी यानं शब्दकोडं सोडवलं,
शाईनं, एकही खाडाखोड न करता.
त्यांनी लिहून घेतलं असेल. माहीत नाही.

दांडीला पिशवी टांगलेली,
पाण्यासारखी नितळ, दर आठ तासांनी एक.
तिच्यामुळे पाय राहिला, हे मी नाकारत नाही.
पोटरीवर चढणारी लाल रेघ
तिनंच मागे घोट्यापर्यंत रेटली.
पण आलेल्या औषधाला परतीची वाट लागते,
ती वाट मूत्रपिंडातून जाते
आणि याची मूत्रपिंडं
कधीचीच खाल्ल्या मिठाला जागेनाशी झालेली.
(तीन वर्षं झाली मशीन लावून.
मिठागरवाल्याच्या घरात मी
चिमूट मोजून कालवणात टाकते.)
वाट नाही म्हटल्यावर औषध तुंबत गेलं,
भरतीचं पाणी बंद फाटकाआड तुंबावं तसं.
वाफे भरले, बांध बुडाले,
मग वर, थेट डोक्यात,
जिथं त्याचे शब्द ढीग करून वाळत घातले होते.

हे मला बुधवारी पहाटे इल्दाकडून कळलं.
ती डॉक्टर नव्हे, औषधांचे हिशेब बघणारी.
तळघरातून जिने चढून आली, धापा टाकत,
हातात कागद, दोन आकड्यांखाली रेघ.
एक त्याच्या रक्तातला, एक पिशवीवरचा.
"हे दोघं एकमेकांना भेटलेच नाहीत," ती म्हणाली.
"कुणीतरी ओळख करून द्यायला हवी होती."

मग डोक्याला तारा. पडद्यावर रेघांचं रान.
बाहेरून एवढा निवांत पडलेला माणूस
आतून सारखा झटके खात होता.
पिशवी उतरली. दुसरी आली, वेगळ्या नावाची, लहान.
मशीनवर जास्तीचे चार तास.
नळीतून फिरणारं त्याचं रक्त बघत बसले
आणि पहिल्यांदाच त्या यंत्राचा राग आला नाही.

तरुण डॉक्टर दारात आले. काही बोलले नाहीत.
बोलायचं असलेला माणूस उभा राहतो तसे उभे राहिले.
मी खुर्ची पुढे केली.

आधी शिव्या परत आल्या. नर्सनं निमूट ऐकून घेतल्या.
मग "पाणी".
मग बारा वर्षांपूर्वी मेलेल्या कुत्रीचं नाव.
माझं शनिवारी, जेवणानंतर,
"ओडेट, खिडकी लाव", इतकं साधं
की मी खिडकी लावून टाकली
आणि मगच रडले.
मधले दिवस त्याच्याकडे नाहीत.
ते माझ्याकडे आहेत.

पुढच्या आठवड्यात घरी सोडलं.
मी एकच बूट चढवत होते, दुसऱ्या पायाला पट्टी,
तेव्हा त्यानं विचारलं, "आज वार कोणता?"
कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं.
मी उठले, आणि उगाचच
त्याच्या आणि भिंतीच्या मधे
बुटाची नाडी शोधत उभी राहिले.