राखीव खेळाडू

हेडाऊ सरांचा आवाज आधी शिट्टीमागून यायचा.
पाचपावलीच्या मागचं मैदान, मे महिना, पहाटेचे पाच,
कारण आठनंतर माती तळव्यांना चावायची.
"काऊन बे, पाय हायेत का खांब?
बॉल काय तुया मामाचा हाय, सोडून नाई राह्यला?"
आणि आम्ही पळायचो,
पोटात भिजवलेले चणे आणि त्यांचा धाक.

मी तीन हंगाम बाकावर होतो.
बाकाच्या डाव्या टोकाला एक खिळा वर आलेला.
संघातल्या कुणाहीपेक्षा तो मला जास्त ओळखतो.

मग सरांचा गुडघा गेला, शील्ड कामठीला गेली,
आणि टांडापेठ क्लबनं नवा कोच आणला, हळू बोलणारा.
सर आकाशवाणीत गेले.
तिथल्या बाईंनी हातात कागद दिला :
बॉल नाही, चेंडू. हाय नाही, आहे.
नवे बूट चावावेत तशी ती भाषा त्यांना चावली.

पण खरी अडचण वेगळीच.
आयुष्यभर ते ओरडले की कुणीतरी वळायचं.
आता ते बघत, आणि सांगत,
आणि सांगून काही म्हणजे काही बदलत नसे.
पहिल्याच सामन्यात, डावी बाजू उघडी पडताना,
अख्ख्या विदर्भानं ऐकलं :
"मागं ये बे, मागं!
...क्षमा करा, श्रोतेहो. चेंडू जाळ्यात गेला आहे."

त्या साली सेमीफायनलला दिवे गेले.
मैदान काळंठिक्कर, माइक तेवढा बॅटरीवर जिवंत.
मी गांधीबागेत, दुकानाचं शटर अर्धं ओढून
थानं मोजत होतो. रेडिओ गल्ल्यावर.
बोलत राहा, असं कुणी सांगितलं असावं.
सर अकरा मिनिटं बोलले.
कामठीविरुद्धची ती जुनी फायनल काढली त्यांनी :
पंचाचं बंद पडलेलं घड्याळ, झाडावर चढलेली पोरं,
धकातेचा मुरगळलेला घोटा,
इथवर सगळं खरं.
"आणि आता धकातेच्या जागी मैदानात उतरतो आहे
चौदा नंबरचा मोरेश्वर नंदनवार."

माझी मोजणी चुकली.
धकाते त्या दिवशी लंगडत शेवटपर्यंत खेळला होता.
मी खिळ्याशेजारी होतो.

त्यांनी मला गोल नाही दिला,
इतकं खोटं त्यांना जमत नसे.
उजव्या कडेनं पळवलं,
एक पास नीट देववला, दुसरा चुकवला,
"नंदनवारचे पाय जड झाले आहेत, बसून बसून,"
हेही सगळ्या गावाला सांगितलं.
तेवढ्यात दिवे आले
आणि मला तसाच पळता सोडून
ते चालू सामन्याकडे वळले.

पुढं कितीतरी दिवसांनी पोह्याच्या ठेल्यावर दिसले,
जास्तीची तर्री मागत.
माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघितलं, चमचा थांबवला.
"दुसरा पास काऊन चुकवला बे तू?"

मी म्हटलं, ऊन होतं सर.
नेमकं डोळ्यांवर आलं.